न पाहिलेला बांध

माणसाचं मोल त्याच्या कामात असतं आणि कामाचं मोल धैर्यात — हे वाक्य मी निवृत्तीनंतर पेडण्यापासून डिचोलीपर्यंत बऱ्याच सभागृहांत ऐकवलं आहे. लोक टाळ्या वाजवतात. मग शाल, नारळ आणि गार झालेले सामोसे. पुढचं मात्र मी कुठेच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे? — बहुधा तुम्ही टाळ्या वाजवणार नाही म्हणून.

मी सरकारी अभियंता होतो. बांधांची पाहणी करायची हे माझं काम. आमच्याकडे गोव्यात नदीकाठची काही शेतं भरतीच्या पातळीखाली असतात. मातीचा बांध खारं पाणी अडवतो, आणि बांधातलं लाकडी दार — मानस — भरती-ओहोटी बघून उघडायचं, मिटायचं. आमोण्याच्या एका मानशीवर पुंडलिक होता. त्याआधी त्याचा बाप, त्याआधी आजा. माझ्याहून वयाने मोठा, पण तो मला ‘सायबा’ म्हणायचा आणि मी त्याला ‘अरे पुंडलिका’. हीसुद्धा एक कबुलीच, पण लहान.

एकदा तो डिचोलीला माझ्या कचेरीत आला. “सायबा, बांधाक कुर्ल्यांनी भोकां पाडल्यांत. एक फेरी मारा हो.” खेकड्यांची भोकं बघायला बुधवारी येतो, म्हणालो.

त्या बुधवारी मी फार काम केलं. खात्यात सर्वांत कार्यक्षम अधिकारी निवडायचा होता, आणि कार्यक्षमता मोजायची होती ती पाहण्यांच्या संख्येवर. मी टेबल न सोडता, एका बैठकीत, पाच बांध पाहिले. वहीत पाचही ठिकाणी, आमोण्यासमोरही, लिहिलं — ‘बांध सुस्थितीत’. अक्षर सुरेख आहे माझं. पुंडलिक दुपारपर्यंत माझी वाट बघून डिचोलीच्या बाजाराला आला होता, हे मागाहून कळलं. माझ्या खिडकीखालूनच गेला असेल. मी मान वर केली असती तर — पण मी कामात होतो ना.

चारच दिवसांनी, अमावास्येच्या भरतीला बांध फुटला. मानशीच्या अगदी शेजारी. वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी, उभं भात खाऱ्या पाण्यात गेलं.

गावात सभा बसली. माझी वही वाचली गेली. बांध सुस्थितीत होता, तर फुटला कसा? दार नीट मिटलं नसणार — एवढंच कारण उरलं. मागून कोणीतरी म्हणालं, “पुंडलिका, दाराक टेकून न्हिदलो मरे?” पुंडलिकाच्या झोपेवर लोक हसले.

मला वाटलं, आता हा सांगणार, साहेब आलेच नाहीत. मी उत्तर तयार ठेवलं होतं — तू बाजारात होतास तेव्हा येऊन गेलो. ते खोटं मला बोलावंच लागलं नाही. माझ्यासाठी तोच बोलला.

“सायबांनी वहीत लिवलां मरे? हांव बाजारात आसताना पळोवन गेले आसतले. मगे म्हजेच हात चुकले.”

मी बांध पाहून गेलो असेन, असं म्हणत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली भोकं त्याने माझ्या अक्षरापुढे खोटी ठरवली. बोलायला मला एक क्षण पुरला असता. तो गेला. दुसरा आला, तोही गेला. मग चहा आला. मी प्यायलो.

मानस त्याच्याकडून काढून घेतली. त्या शेतांत पुढे कित्येक हंगाम भात झालं नाही. कार्यक्षम अधिकारी म्हणून निवड माझीच झाली.

गेल्या वर्षी बायकोबरोबर मयेच्या तळ्यावर गेलो. पायाने चालवायच्या होड्यांत माणसं बसवायला एक म्हातारा होता — पुंडलिक. मला बघून केवढा आनंदला! माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे त्यानेच आवळले, दोनदा ओढून पाहिले. बायकोला माझं कौतुक सांगू लागला, “बाय, सायबांसारको कामाचो मनीस हांवें पळयलो ना.”

तेव्हा तरी सांगितलं? आता सभा नव्हती, वही नव्हती, पेन्शनला धोका नव्हता. काठावर आम्ही तिघंच होतो.

होडी वीस मिनिटांसाठी मिळते. आम्ही पूर्ण वीस मिनिटं फिरलो.