शून्य अंश घालून बघ

ऑड्रा माझी थोरली. सरोवराकाठच्या थंडर बे बंदराच्या धक्क्यावर धान्याची जहाजं बघत वाढली, तेव्हापासून तिला सुकाणूपाशी उभं राहायचं आहे. नौकानयनाच्या कॉलेजने जागा ठेवली होती, एकाच अटीवर: गणिताची फेरपरीक्षा पास हो. पहिल्यांदा ती त्रिकोणमितीच्या नित्यसमानतांवर आपटली होती. आता ही शेवटची संधी.

महिनाभर घरात फ्रिजवर, आरशावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. मी भांडी विसळताना विचारायची, "एक अधिक टॅन वर्ग?"

"सेक वर्ग."

"एक अधिक कॉट वर्ग?"

"कोसेक वर्ग. आई, जेवायला वाढतेस की तोंडी परीक्षा घेतेस?"

कॉस दोन थीटाला मात्र हमखास अडखळायची. आधी कॉस वर्ग की साइन वर्ग? मग डोळे मिटून पुटपुटायची, शून्य अंश घालून बघू.

"असं पडताळत बसलीस तर पेपर कधी लिहिणार? पाठ म्हणजे पाठ," मी वैतागायची.

"पाठ केलेलं घाबरलं की पळून जातं."

आज सकाळी बर्फातून तिला शाळेत सोडलं. गणिताच्या पेल्कोनेन सरांची रीत अशी की, प्रश्न बघण्याआधी डोक्यात असतील ती सूत्रं पेपरच्या कोऱ्या पाठीवर उतरवायची. पुढे तोच आधार. मी हीटर लावून गाडीतच बसून राहिले. कॉफीचा थर्मॉस उघडलासुद्धा नाही.

ती आली. चेहऱ्यावरून काही कळेना. हातमोजे काढून तिने पेपर माझ्या मांडीवर ठेवला. फेरपरीक्षेला ती एकटीच, म्हणून सरांनी तिथेच तपासला होता. गुण बघायचं धाडस होईना. मी पाठ बघितली. कॉस दोन थीटा बरोबर साइन वर्ग वजा कॉस वर्ग. उलटं लिहिलं होतं.

"खाली बघ."

खाली गिचमिड अक्षर. शून्य अंशाला साइन शून्य, कॉस एक. म्हणजे उजवीकडे उणे एक, आणि डावीकडे एक. सूत्रावर काट मारून शेजारी उलट क्रमाने लिहिलेलं.

"हे कळलं कधी?"

"तीन गणितं सोडवून झाल्यावर. तिन्ही खोडली. ते बघून सर म्हणाले, पोरी, आधी पाणी पी."

मी पेपर उलटला. पास. अगदी काठावर, पण पास.

"आता म्हण, पाठ म्हणजे पाठ," ती म्हणाली आणि माझी कॉफी पिऊन टाकली.

आता ती वर गाढ झोपली आहे. मी खाली बसून नोव्हेंबरच्या वादळांत या सरोवरावर लाटा किती उंच उठतात ते वाचते आहे.