आईने नमस्कार केलेली लाल पणती

मंडळी, गाडीच्या डॅशबोर्डवरच्या दिव्यांकडे लक्ष असतं ना तुमचं? माझं आज नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघी पालीहून रत्नागिरीला परत येत होतो. मी गाडी चालवत होते, आई शेजारी. बोलता बोलता तिने एकदम माझ्या स्टिअरिंगकडे बघून हात जोडले.

"काय झालं?"

"तुझ्या गाडीत पणती लागली गो. तिन्हीसांजेला दिवा दिसला की नमस्कार नको करायला?"

मी पाहिलं. तो इंजिन ऑइलचा लाल दिवा होता. दिसतो खरा पणतीसारखा, पण तो लागला की गाडी लगेच थांबवून इंजिन बंद करायचं. नाहीतर इंजिनच जातं.

मी गाडी बाजूला घेतली. मेकॅनिक आला, तर ऑइल गळून तळाला गेलेलं. त्याने गळती थांबवली, ऑइल भरलं आणि गाडी सुरू केली.

"विझला एकदाचा," मी म्हटलं.

"विझला म्हणू नये. शांत झाला म्हणावं," आई म्हणाली.

घरापर्यंत ती त्या दिव्याच्या जागेकडेच बघत होती. हात पुन्हा जोडलेले, या वेळी तो लागू नये म्हणून.

तुमच्या शेजारच्या सीटवर कोण असतं?