समुद्राशिवाय पॉझिट्रॉन

एका मुलीचं उत्तर बरोबर होतं आणि मी ते चूक ठरवलं. वर मार्कही कापले.

मी अमरावतीला एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्या वर्षी अकोल्याच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या सेमिनारला एक्स्टर्नल परीक्षक म्हणून गेलो होतो. तेल्हाऱ्याकडची एक मुलगी फळ्यापाशी उभी राहिली. तिचा विषय होता इलेक्ट्रॉनचा जुना सापेक्षतावादी सिद्धांत आणि नंतरचा पुंज (क्वांटम) क्षेत्र सिद्धांत यांची तुलना.

अर्धा भाग तिने मी शिकवतो तसाच सांगितला. जुन्या समीकरणातून ऋण ऊर्जेच्या पातळ्याही निघतात. मग सगळे इलेक्ट्रॉन घसरत खाली का जात नाहीत? तर खालच्या जागा आधीच भरलेल्या आहेत असं मानायचं. पोकळी म्हणजे इलेक्ट्रॉनांचा काठोकाठ भरलेला समुद्र, आणि त्यातली एखादी जागा रिकामी झाली की तीच आपल्याला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, म्हणून दिसते. मी मान डोलावत होतो.

मग ती म्हणाली, एका जागेवर दोन इलेक्ट्रॉन बसत नाहीत म्हणून ही युक्ती चालून जाते. पण काही कण एकाच जागेवर कितीही बसतात. त्यांचा समुद्र कधी भरणारच नाही, तरी त्यांनाही प्रतिकण असतात. क्षेत्र सिद्धांतात इलेक्ट्रॉन म्हणजे सगळीकडे पसरलेल्या क्षेत्रातली एक खळबळ. तो निर्माण होतो, नाहीसा होतो, आणि पॉझिट्रॉनही त्याच क्षेत्रातून येतो. समुद्र लागतच नाही.

हे मला माहीत नव्हतं. क्षेत्र सिद्धांताचं युनिट मी विद्यार्थी असताना ऑप्शनला टाकलं होतं आणि शिक्षक झाल्यावर पोरांनाही टाकायला सांगत आलो. पाचातले चारच प्रश्न सोडवायचे, तर पाचवं युनिट वाचतो कोण?

हे कबूल करायचं सोडून मी विचारलं, "समुद्र नाही, तर पॉझिट्रॉन येतो कुठून? तेल्हाऱ्याच्या बाजारातून?"

वर्ग हसला, मीही हसलो. क्षेत्रातूनच सर, आत्ताच सांगितलं, एवढं म्हणून ती खाली बसली.

जेवताना तिथल्या विभागप्रमुखांनी विचारलं, ही पोरगी माझ्याकडे पीएच.डी. करायची म्हणते, कशी वाटली? वांग्याची भाजी फक्कड झाली होती, मी मजेत होतो. म्हणालो, बेसिक कच्चं आहे.

पुढे अभ्यासक्रम बदलला आणि ऑप्शन गेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत, कूलरसमोर बसून, पन्नाशीत मी पाचवं युनिट पहिल्यांदा वाचलं. आठव्या दिवशी त्या मुलीचं म्हणणं पुस्तकात सापडलं, जवळजवळ जसंच्या तसं. गणित चारदा करून पाहिलं. खरंच समुद्र लागत नव्हता. लाज वाटायच्या आधी मला आनंद झाला, हेही सांगून टाकतो. इतकी देखणी गोष्ट आपण इतकी वर्षं वगळली, या विचाराने मी एकटाच हसायला लागलो.

बायको म्हणाली, "काहून हसून राहिले? परीक्षा तर पोरायची आहे."

लाज संध्याकाळी आली. विभागप्रमुखांना फोन लावला, सगळं सांगितलं आणि विचारलं, तिची वाट मी अडवली का? ते खदखदून हसले.

"वर्षभर थांबवलं मी तिले, तुमच्या शब्दावर. मंग दुसऱ्या साली तोच समुद्र घेऊन आली अन् मलेच शिकवून गेली. आता थिसिस लिहून राहिली. तुमी बी पास झाले म्हना, पन उशिरानं."

हसू मलाही आलं, पण ते एक वर्ष काही मनातून जाईना.

कॉलेज उघडल्यावर एका शनिवारी अकोल्याला गेलो. ती आता तिथेच तासिका तत्त्वावर शिकवते. प्रॅक्टिकल चालू होतं, लॅब पोरांनी भरलेली. मला पाहून ती म्हणाली, "सर, पाचवं युनिट वाचलं म्हणे तुमी." विभागप्रमुखांच्या पोटात काही राहिलं नव्हतं. मग तिने विचारलं, बाहेर बोलायचं का? मी नको म्हणालो. मागच्या वेळी मी सगळ्यांसमोरच बोललो होतो.

"मॅडम, त्या सेमिनारला तुमचं उत्तर बरोबर होतं. मला ते येत नव्हतं, म्हणून मी तुमच्या गावावर विनोद केला आणि मार्क कापले. माझ्या एका शब्दापायी तुमचं वर्ष गेलं. मला माफ करा."