गोविंदा कप्तानाचं गलबत

गोविंदाला अख्खं पेण कप्तान म्हणतं, आणि त्याला वाटतं मानानं म्हणतात. रोह्याच्या एका कंपनीत एकोणतीस वर्षं शिफ्टा करून पिंपांवर लेबलं चिकटवली, आणि तेवढ्या काळात जहाजांवर मिळेल ते वाचून डोक्यात कोंबलं. कुठल्या राजाची गलबतं किती डोलकाठ्यांची, वाफेची बोट कधी आली, काहीही विचारा. न विचारता तर हमखास सांगतो. घराणं भात-वाल पिकवणाऱ्यांचं, सात पिढ्यांत पाण्याशी संबंध भाताच्या लावणीपुरता. स्वतः एकदाच रेवसच्या लाँचीत बसला, तो भाऊच्या धक्क्यापर्यंत ओकत गेला आणि एसटीनं परत आला. हे त्याची बायको सरू पाहुण्यांना चहाबरोबर सांगते.

रिटायर झाल्यावर गड्याला स्वतःचं गलबत हवं झालं. सरूची मावशी इंदुबाई खाडीकाठची, जन्म मिठागरात गेलेला. तिची होडी त्यानं नारळी पौर्णिमेसाठी मागितली.

इंदुबाई म्हणाली, "जावई, शेताच्या बांधाला खांड पडलीय, ह्ये मोठं भगदाड. पुनवेचं उधाण वरसातलं मोठं. मुरमाच्या गोणी त्याच दिशीच्या भरतीला होडीतनंच न्यायच्या, एरवी होडी तिथवर तरत नाय नि वाटेवर मांडीभर चिखोल. दुपारचं पानी खांडीच्या तोंडाशी थांबल, रातचं आत घुसलं तं भात जाईल, नि तीन वरसं जमीन खारी."

"अर्धा तास, मावशी. पूजा, नारळ, की होडी तुमची."

जावयाला नाही म्हणायची रीत नाही. हा आमच्याकडचा जुना आजार.

आठ दिवसांत होडीवर बांबूची डोलकाठी, ताडपत्रीचं शीड आणि पुढं प्लायवुडचा मगरीचा जबडा चढला. पौर्णिमेला कप्तान पांढरी टोपी घालून खाडीच्या धक्क्यावर हजर. खाडीतलं शेंबडं पोरही तिथीच्या पाऊणपट करून भरती सांगतं: पंधराची सव्वाअकरा, आत पाणी चढायला वर पाऊण तास. बारा वाजता खाडी तुडुंब. कप्तानानं त्याच बाराला माईक धरला.

साडेबाराला त्याचं भाषण प्राचीन बंदरांत होतं. एक वाजता शिडांत वारा भरत होता.

"जावई, ओहोट लागली," इंदुबाई ओरडली.

"मावशी, इतिहास आहे हा!"

"इतिहास थांबल, पानी नाय थांबत!"

सरू कपाळावर हात मारून म्हणाली, "अवो, नारळ तरी फोडा!"

कप्तान वाफेच्या बोटीपाशी पोचला तेव्हा खाली होडी चिखलात बसली होती. मग ती सावकाश कलंडली. मगरीचा जबडा गाळात रुतला. कप्तान दोरी धरून ओढायला गेला आणि कमरेपर्यंत आत. टोपी तेवढी कोरडी राहिली.

हसणारे हसले. इंदुबाई हसली नाही. धक्क्यावर गोणी तशाच पडल्या होत्या आणि पुढची भरती रात्रीची. तिनं लुगडं खोचलं. "चला गो, डोक्यावर घ्या!" बायकांनी मांडीभर चिखलातून गोणी वाहिल्या. चार वाजेस्तोवर निम्म्याच पोचल्या, आणि खांड अजून माणूस आडवा मावेल एवढी.

इंदुबाई कोयता घेऊन होडीवर चढली.

"मावशी, डोलकाठी नको!" चिखलाचा पुतळा ओरडला.

"मंग तुमी आडवे व्हा खांडीत, जावई."

तिनं बांबू तोडले, ताडपत्री फाडली, मगर उपटली. बांबू खांडीत ठोकले, त्यांना प्लायवुड टेकवलं, ताडपत्री गुंडाळून दाबली, वर गोणी आणि गाळ. सूर्य बुडायच्या आत खांड बुजली. रात्री उधाण आलं, बांधाला धडका मारून गेलं. भात उभं राहिलं.

कप्तानाला लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटतं. परवाच पेणच्या एसटी स्टँडवर चहा पिताना एका परक्या माणसाला सांगत होता, "आमचं गलबत आहे ना, सबंध समुद्र अडवून उभं आहे."