नदीकाठची शाखा आणि वृंदाताई

शुक्रवारी सकाळी मी कुवेतमधल्या खैतान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सुरमई साफ करत होते, तेव्हा शेजारच्या श्रीकांतदादांचा फोन आला. "रुखसाना, वृंदा गेली," एवढंच म्हणाले. आदल्या संध्याकाळीच मी तिला इस्पितळात भेटून आले होते. कॅन्सर कळल्यापासून जेमतेम तीन महिने मिळाले तिला...

वृंदाताई मूळची मिरजेची. लग्नानंतर वीस वर्षं नेदरलँड्समध्ये राहिली, तिथल्या पाणी खात्यात नोकरी केली, तिथलीच नागरिक झाली. पर्यावरणाचं राजकारण करणाऱ्या तिथल्या हरित पक्षाची साधी सभासदही झाली. पुढे तिच्या नवऱ्याला, श्रीकांतदादांना, इथे नोकरी लागली आणि लेक इरासह कुटुंब कुवेतला आलं. मी रत्नागिरीकडची, जाब्रियातल्या एका लॅबमध्ये रक्त तपासणारी. आमच्यात समान काय, तर एकच मजला आणि एकच लिफ्ट.

एका दुपारी बाहेर धुळीचं वादळ घोंघावत असताना तिने बेल वाजवली. "आमचं नेट गेलंय गं. तासभर बसू तुझ्याकडे?" तिने लॅपटॉप उघडला तर पडद्यावर चौदा चेहरे! पोलंडची बेकरीवाली मार्ता, जर्मनीतला निवृत्त शिक्षक योहान, काही चेक मंडळी. सगळे एकाच नदीच्या काठचे, पण तीन देशांतल्या तीन हरित पक्षांचे. नदीतले मेलेले मासे तिन्ही देशांच्या काठांना लागले होते आणि निर्णय मात्र तीन राजधान्यांत बसून तीन तऱ्हांचे होत होते. या साध्या सभासदांची सीमा ओलांडणारी एकच शाखा हवी आणि युरोपभरच्या हरित पक्षांच्या अधिवेशनात तिला मत हवं, हा वृंदाताईचा हट्ट. एका पदाधिकाऱ्याने तिला कळवलं होतं, "शाखा देशात असते, नदीत नसते." ते वाक्य आठवलं की तिच्या कानशिलावरची शीर उडायची.

"पण ताई, तू इथे वाळवंटात बसून हे का करतेस?" मी विचारलं.

"इथून तिन्ही देश सारखेच लांब आहेत," ती म्हणाली. "मी कुणाच्या बाजूची, असा संशय कुणालाच येत नाही."

यानंतरची चूक माझी. एका वाढदिवसाला, चार ओळखीच्या बायकांत, मी मोठ्या कौतुकाने म्हणाले, "आमची वृंदाताई युरोपचं राजकारण करते, घरी मीटिंगा घेते." बोलणं एका कानातून दुसऱ्या कानात गेलं आणि जाता जाता त्यातला युरोप गळून पडला. उरलं ते एवढंच, की खैतानमधल्या एका घरात राजकीय मीटिंगा होतात. परदेशी माणसाला अडचणीत आणायला इथे एवढंसुद्धा खूप असतं. आठवड्याभरात श्रीकांतदादांना त्यांच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. दादांनी बूटसुद्धा काढले नव्हते. "आपल्या तिघांचा इकामा माझ्या नोकरीवर आहे, वृंदा. नोकरी गेली तर इथे राहायचा परवानाही गेला. इराची बारावी आहे."

"मी इथल्या कशाबद्दल एक अक्षर बोललेले नाही, श्रीकांत."

"ते तू कुणाकुणाला समजावणार?"

इरा दारात उभी होती. "आई, प्लीज. जस्ट स्टॉप." वृंदाताईने लेकीकडे बघत लॅपटॉप मिटला. मी तिथेच सगळं कबूल करायला हवं होतं... नाही केलं. हळूच दार ओढून घेतलं आणि घरी आले.

अधिवेशन सहा आठवड्यांवर होतं. वृंदाताईने सगळ्यांना एकच पत्र पाठवलं. यापुढे मी मीटिंगला नसेन, एकेका काठाने पाळीपाळीने मीटिंग चालवावी, आणि पोलिश बाजूची पाळी असेल तेव्हा इतिवृत्त जर्मन बाजूने लिहावं. तिच्यावाचूनची पहिलीच मीटिंग मोडली. नदीवरच्या धरणाची दारं कधी उघडायची यावरून योहान आणि मार्ता भिडले आणि मार्ता मधेच उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिने वृंदाताईला फोन केला, तेव्हा मी शेजारीच होते. पलीकडून रडणं ऐकू येत होतं. वृंदाताई म्हणाली, "नाही, मी येणार नाही. माझ्यावाचून तुम्हाला एकत्र बसता आलं, तरच ती तुमची शाखा." फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, "फुटतील का गं हे?" मला काय कळणार! मतदानाच्या शनिवारी ती माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली. पाऊण तास दाणे सालांत आणि सालं दाण्यांत टाकत होती. मग फोन वाजला. शाखेला मान्यता मिळाली होती, मतही मिळालं होतं, पण फक्त दोन वर्षांसाठी, प्रयोग म्हणून. "पुरे," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

त्या शेवटच्या संध्याकाळी इस्पितळात मी कबूल करून टाकलं. "ताई, तुझ्या मीटिंगांबद्दल बाहेर मीच बोलले होते." तिने डोळे उघडले. "काय बोलली होतीस?"

"की तू युरोपचं राजकारण करतेस."

"मग खोटं काय होतं त्यात?" श्वास लागत होता, तरी ती हसली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही.

ती गेल्यावर चाळीस दिवसांनी नदीकाठच्या मंडळींनी ऑनलाइन शोकसभा ठेवली. वृंदाताईच्या खोलीत, तिच्याच खुर्चीवर इराने मला बसवलं आणि म्हणाली, "यू स्पीक, मावशी." मी मोडक्या इंग्रजीत सुरुवात केली, मधेच मराठीवर आले, आणि कुणीही मला थांबवलं नाही. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग मार्ताने नाक पुसलं, कागद सरसावला आणि पुढचा विषय घेतला. पाच मिनिटांत योहानने आवाज चढवला, चेक बाजूने कुणीतरी टेबलावर हात आपटला. वृंदाताई असती तर काय म्हणाली असती, हे एकानेही विचारलं नाही. पण या वेळी कुणीही मधेच उठून गेलं नाही.

श्रीकांतदादा दोन कप चहा घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर काय चाललंय ते त्यांना उमजेना.

"भांडतायत का?"

"हो."

त्यांनी कप खाली ठेवले, एक खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसले. "आवाज जरा वाढव," म्हणाले.