वस्तादांचा कान

वस्तादांनी बॉनेट उघडलं की आधी शेजारच्या टपरीवरचा रेडिओ बंद व्हायचा. मग ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून घेत. त्या वेळी कुणी शिंकलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. इंजिनातल्या ठिणगीचं टायमिंग तपासायचा दिवा त्यांना कुणीतरी भेट दिला होता. तो खोक्यासकट फळीवर पडून होता आणि त्या खोक्यावर चहाचे ग्लास ठेवले जात.

नव्वदच्या दशकात मला गाडी पळवण्याचं खूळ होतं. सातपूरला नोकरी, बुडाखाली जुनी फियाट, आणि वणी रस्त्याच्या माळावर चुन्याच्या रेघा आखून होणाऱ्या हौशी शर्यती. माझी फियाट चढ दिसला की दम टाकायची. द्वारक्याजवळच्या आपल्या गॅरेजात वस्तादांनी तिचा, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला आणि गाडी अशी उठली, की मी घाबरलोच. ठिणगी जरा आधी पडली की ताकद वाढते. फारच आधी पडली तर इंजिन आतून खडखडतं आणि पिस्टन जळतो. त्यांनी ते त्यांच्या पद्धतीनं सांगितलं, "पोराला झोका देतो ना भाऊ, तसं हाय. झोका अंगावर येत असतानाच ढकलला, तर हात मोडतो."

टायमिंग लावलं की त्र्यंबक रस्त्याचा चढ ठरलेला. मी पाय पूर्ण दाबायचा, ते शेजारी डोळे मिटून बसायचे. डब्यात हरभरे हलवल्यासारखा बारीक आवाज आला की त्यांचा हात वर व्हायचा. मला तो आवाज ऐकू यायला दोन वर्षं लागली. तो पहिल्यांदा ऐकू आला त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या पैशानं मिसळ खाऊ घातली. एवढा मान मला ऑफिसात कधी मिळाला नाही.

पुढे पुढे तो हात वर होईनासा झाला. त्याऐवजी ते विचारू लागले, "वाजतंय का?" आधी वाटलं, परीक्षा घेतायत. मग ध्यानात आलं, की गिऱ्हाइकांना त्यांच्याशी एकच गोष्ट दोनदा बोलावी लागते. उघड्या सायलेन्सरच्या गाड्यांजवळ तीस वर्षं उभं राहून कान जाणारच. गॅरेजात येणाऱ्या सगळ्यांना ते कळलं होतं आणि कुणीही तोंड उघडलं नाही. वस्तादाला तोंडावर चुकलात म्हणायची आमच्यात रीत नव्हती. शिवाय कानच गेला म्हटल्यावर त्या माणसाकडे उरलं काय असतं?

शेवटच्या शर्यतीच्या सकाळी त्यांनी टायमिंग आणखी पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी आणखी आधी. चढावर हरभरे चांगले खडखडले. वस्तादांनी डोळे उघडून विचारलं, "वाजत नाय ना?"

मी म्हणालो, "नाही वस्ताद."

मला वाटलं, मी त्यांची अब्रू राखतोय.

तिसऱ्या फेरीत गाडीनं निळा धूर ओकला आणि ती माळावरच बसली. दोन दिवसांनी त्यांनी इंजिन उघडलं. पिस्टनला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. ते बराच वेळ पिस्टन हातात फिरवत राहिले.

"वाजत होतं ना, भाऊ?"

मी होकारार्थी मान हलवली. ते चिंधीला हात पुसून घरी गेले.

त्यानंतर त्यांनी एकाही गाडीचं टायमिंग लावलं नाही. पंक्चर काढायचे, ग्रीस भरायचे. मी गेलो की चहा सांगायचे, पण बॉनेटला हात लावायचे नाहीत. मीही माफी मागितली नाही. आज उद्या करत सहा वर्षं काढली आणि ते गेले.

दहाव्याला मी त्यांच्या बायकोसमोर बसलो होतो. वहिनींनी विचारलं, शर्यतीची गाडी चालवणारे भाऊ तुम्हीच का. मी हो म्हणालो.

"कान गेल्याचं त्यांना सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, आता बंद करा हे काम. तर म्हणायचे, भाऊला मी ऐकायला शिकवलंय. वाजलं तर तो सांगंल."