नोंदवहीची शेवटची पानं

जाड पुठ्ठ्याच्या नव्या वहीला खळीचा वास आला की मला लखनौमधली आमची प्रयोगशाळा आठवते. परभणीकडच्या मराठी शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर मी, तिथे सहा महिन्यांच्या कामावर लागलो होतो. मीटिंग इंग्रजीत चाले. ‘पुट ऑफ’, ‘कॅरी आउट’ असं काही कानावर पडलं की विसरू नये म्हणून मी समोरच्याच नोंदवहीच्या शेवटच्या पानांवर लिहून ठेवी आणि मागाहून अर्थ भरी: पुढे ढकलणे, पार पाडणे. एकदा मदतनीस भैयांनी ते पाहिलं. “अरे भाई, ये तो प्रयोग का रजिस्टर है. हर पन्ने पर नंबर है, फाड़ भी नहीं सकते. अब आप गए.” आमच्या विभागप्रमुख मॅडम नागपूरच्या. दर शुक्रवारी त्या प्रत्येक पान तपासून सही करत. आता मुदतवाढ मिळणार नाही असं धरूनच मी वही पुढे केली. त्यांनी ती पानं सावकाश वाचली. मला न सापडलेले अर्थ स्वतःच्या पेनाने मराठीत लिहिले, पण दोन जागा रिकाम्या ठेवल्या. “हे दोन मलाही येत नाहीत रे. शोध आणि मला सांग,” असं म्हणून त्यांनी खाली तारीख घालून सही केली. एवढी शिकलेली व्यक्ती असं म्हणू शकते, हे पाहून मी थक्क होऊन उभाच राहिलो. आज मी स्वतः विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतो, पण ‘मला येत नाही’ म्हणायला अजूनही धीर गोळा करावा लागतो.